भिंतीवरचे स्लिम स्पीकर: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघरी स्पीकर बसवून द्यायचं काम मी करतो. फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘कुठल्या कंपनीचे घेऊ?’ असा असतो. मी उलट विचारतो, ‘भिंत कसली आहे?’ समोरचा गोंधळतो. पण पातळ स्पीकर भिंतीला चिकटला की ती भिंत त्याचाच भाग होते. अर्धा आवाज तो डबा काढतो, उरलेला भिंत आणि खोली मिळून काढतात. पुढचे बहुतेक प्रश्न या ना त्या वाटेने तिथेच येऊन थांबतात.

स्लिम म्हणजे नक्की किती पातळ?

साधा बुकशेल्फ, म्हणजे कपाटात किंवा स्टँडवर ठेवायचा, स्पीकर मागेपुढे २० ते ३० सेंटिमीटर खोल असतो. भिंतीसाठी बनवलेले बरेचसे स्पीकर ७ ते १३ सेंटिमीटरमध्ये बसतात. त्याहून पातळही मिळतात. केईएफ कंपनीच्या टी मालिकेतले स्पीकर जेमतेम ३५ मिलिमीटर खोल आहेत, म्हणजे टीव्हीएवढेच. पण पातळपणा फुकट येत नाही. त्याची किंमत बासमध्ये मोजावी लागते.

एवढ्याशा डब्यातून बास येतो का?

येतो, पण कुठपर्यंत ते समजून घ्या. खालचा सूर काढायला स्पीकरच्या पडद्याला, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या भागाला, जास्त हवा ढकलावी लागते. एक सप्तक खाली उतरून आवाज तेवढाच ठेवायचा म्हटला, तर पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. पातळ डब्यात पडद्याला मागे सरकायला जागा कमी, आतली हवाही थोडी. ती हवा घट्ट स्प्रिंगसारखी पडद्याला अडवते. म्हणून बहुतेक स्लिम स्पीकर ८० ते १०० हर्ट्‌झच्या आसपास दम सोडतात (हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा).

हे आकडे कानाने ओळखायचे असतील तर तानपुरा लावा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्‌झवर असतात आणि खर्ज त्याच्या बरोबर निम्म्यावर, ६९ हर्ट्‌झवर. जोडी स्लिम स्पीकर आरामात वाजवतो. खर्जाचा मूळ सूर मात्र त्यातून जवळजवळ निघतच नाही. तरीही तुम्हाला खर्ज ऐकू येतो, कारण त्या तारेचे वरचे स्वर स्पीकर देतो आणि गाळलेला मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. डग्ग्याच्या बाबतीत ही चलाखी चालत नाही. ‘घे’ची मींड ऐकू येते, पण पोटाला जाणवत नाही. शास्त्रीय गायन, भावगीतं, बातम्या, मालिका एवढंच ऐकत असाल तर निव्वळ दोन स्लिम स्पीकरवर वर्षानुवर्षं सुखात राहाल. सिनेमा आणि ढोल-ताशा हवा असेल तर सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर काढणारा वेगळा डबा, लागणारच. ‘आमच्या स्लिम मॉडेलला सब लागत नाही’ असं विक्रेता म्हणाला, तर त्यालाच डग्गा वाजवून दाखवायला सांगा.

स्पीकर भिंतीपासून लांब ठेवायचा असतो ना? मग भिंतीवर टांगून आवाज बिघडत नाही का?

लांब ठेवायचा हा नियम साध्या स्पीकरसाठी आहे, आणि त्यामागे कारण आहे. खालचे सूर पुढेच जातात असं नाही, ते चारी बाजूंना पसरतात. मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून परत येते आणि पुढच्या लाटेत मिसळते. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर साधारण २१४ हर्ट्‌झला ही परतलेली लाट उलट्या पावलाने पोहोचते आणि तिथला आवाज खाऊन टाकते. एक मीटरवर असेल तर हाच खड्डा ८६ हर्ट्‌झला पडतो. म्हणजे लांब ठेवलं तरी त्रास संपत नाही, फक्त जागा बदलतो.

भिंतीला सपाट चिकटवलेल्या स्पीकरचा हा खड्डा हजार हर्ट्‌झच्या आसपास वर सरकतो. तिथे आवाज मुळातच बराचसा पुढे फेकला जात असल्यामुळे खड्डा उथळ राहतो. शिवाय भिंत खालच्या सुरांना आधार देते. मोकळ्या जागेच्या तुलनेत जास्तीत जास्त ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळते. भिंतीसाठीच बनवलेल्या स्पीकरमध्ये हे आधीच धरलेलं असतं. त्यामुळे तोच स्पीकर स्टँडवर, भिंतीपासून लांब ठेवला तर किरटा वाजतो. गिऱ्हाईक दुकानात टेबलावर ठेवलेला स्लिम स्पीकर ऐकून नाक मुरडतं ते यामुळेच.

घरातले जुने बुकशेल्फ स्पीकर ब्रॅकेटवर लावले तर?

डब्याच्या मागे हवेचं भोक असेल तर नको. ते भोक भिंतीने बुजतं आणि बास ढबढब करतो. भोक पुढे असेल किंवा डबा बंद असेल तर लावा, पण आवाज थोडा जाड येईल. गायक गळ्यात मफलर बांधून गातोय असं वाटलं, तर ॲम्प्लिफायरचा बास दोन-तीन घरं खाली आणा. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर भागतं.

माझी भिंत कसली आहे हे ओळखायचं कसं?

बोटाच्या पेराने ठोकून थोडा अंदाज येतो, पण खरं उत्तर ड्रिलमधून पडणारं पीठ देतं. भोकाखाली भिंतीला एक कागद दुमडून चिकटवा आणि बारीक बिट लावून एक भोक पाडा. वरचा प्लास्टर संपल्यावर लाल भुकटी पडली तर विटांची भिंत, आणि तुम्ही नशीबवान. करडं, बारीक पीठ पडतंय आणि ड्रिल पुढे जायला कुरकुरतंय, तर आरसीसी. बिट लोण्यात गेल्यासारखं आत घुसलं आणि पांढरट-राखाडी पिठाचा ढीग झाला, तर सायपोरेक्सचा हलका ब्लॉक. पांढरी शुभ्र भुकटी आणि लगेच पोकळी लागली, तर जिप्समचं पार्टिशन.

विटेच्या भिंतीला ६ किंवा ८ मिलिमीटरची साधी प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू पुरतो. फक्त भोक दोन विटांच्या सांध्यात येऊ देऊ नका. आरसीसीला चांगला हॅमर ड्रिल लागतो. आत सळई लागली तर जोर करू नका, इंचभर बाजूला सरका. जिप्समला लोखंडी पट्टी शोधून तिथेच स्क्रू मारा. पट्टी शोधायला फ्रिजवरचं चुंबक पुरतं, भिंतीवरून फिरवा, जिथे चिकटेल तिथे पट्टीचा स्क्रू आहे.

सायपोरेक्सनेच मला धडा शिकवला. काही वर्षांपूर्वी बाणेरला एका काकूंकडे पाच किलोची जोडी साध्या गिट्टीवर लावली होती. त्या दिवशी हाताने ओढून पाहिली, पक्की वाटली. तीन आठवड्यांनी फोन आला, ‘अहो, तुमचा डावा स्पीकर नमस्कार करतोय.’ जाऊन पाहिलं तर वरचा स्क्रू गिट्टीसकट बोटभर बाहेर आला होता आणि भोकाचा पार भोपळा झाला होता. चूक माझीच. मी हॅमर चालू ठेवून भोक पाडलं होतं, त्यामुळे आतला ब्लॉक भुगा होऊन मोकळा झाला होता. आता या भिंतीत हॅमर बंद ठेवतो, हलक्या ब्लॉकसाठीची लांब नायलॉनची गिट्टी वापरतो, आणि स्पीकर जड असेल तर आधी १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा सहा स्क्रूंनी भिंतीवर बसवून त्यावर स्पीकर टांगतो. प्लायला भिंतीचाच रंग दिला की कुणाला दिसतही नाही. काकूंच्या जोडीला अजून काही झालेलं नाही.

आणखी एक सांगतो. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरची नळी बहुतेक तिथूनच गेलेली असते. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर आधी नळाच्या जागा पाहून या.

मायवनच्या बिल्डिंगमध्ये वायर कशी लपवायची?

या बिल्डिंगमध्ये भिंती आणि स्लॅब ॲल्युमिनियमच्या साच्यात एकत्र ओतलेले असतात. भिंत म्हणजे निव्वळ काँक्रीट, आणि तीच इमारतीचं वजन पेलते. तिला झिरी मारायची नाही. सोसायटी परवानगी देत नाही म्हणून नव्हे, दिली तरी नाही. ताबा अजून मिळायचा असेल तर टीव्हीच्या जागेजवळ एखादी रिकामी नळी भिंतीत ठेवता येईल का, हे बिल्डरला विचारा. काही जण ऐकतात.

घर तयार असेल तर तीन वाटा आहेत: टीव्हीमागे लाकडी पॅनल करून त्यामागून वायर नेणं, फॉल्स सीलिंगमधून आणून खाली उतरवणं, किंवा केसिंगची पट्टी लावणं. पट्टीला लोक नाकं मुरडतात. पण स्कर्टिंगच्या कडेने सरळ लावून भिंतीच्या रंगात रंगवली, तर आठवड्याभराने तुम्हालाच ती दिसेनाशी होते.

किती उंचीवर लावायचे?

बसल्यावर तुमचा कान जिथे येतो तिथे. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण ९५ ते १०५ सेंटिमीटरवर असतो. स्पीकरमधला लहान ट्वीटर त्या उंचीला आला पाहिजे. वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. ते डोक्यावरून गेले तर शब्द बोथट होतात.

अडचण अशी की आपल्याकडे टीव्हीच उंच असतो. खाली युनिट, त्यावर फोटो, फुलदाणी, गणपती, आणि मग टीव्ही. स्पीकर टीव्हीच्या वर नेऊ नका. टीव्हीच्या मधोमध किंवा त्याहून थोडे खालीच ठेवा. नाइलाजाने उंच लावायचे झाले तर स्पीकर उलटा टांगा, म्हणजे ट्वीटर खाली येईल. नाव उलटं वाचावं लागेल, पण शब्द सुलटे ऐकू येतील. छताच्या कोपऱ्यात लावून खाली वाकवायची पद्धत हॉटेलांतून घरात आली आहे. ती हॉटेलातच शोभते, कारण तिथे कुणी ऐकत नसतं.

दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमच्यापासूनचं अंतर जवळजवळ सारखं असावं. सोफा नऊ फुटांवर असेल तर स्पीकर एकमेकांपासून सात ते नऊ फूट. आडवा झोपवून लावू नका. शेजारी बसलेल्याला वेगळाच आवाज ऐकू येतो.

साउंडबार घेतला तर चालणार नाही का?

चालेल. संवाद स्पष्ट ऐकू यावेत एवढंच हवं असेल तर साउंडबार स्वस्त आणि बिनडोकेदुखीचा. पण त्याची डावी-उजवी बाजू तीन-साडेतीन फुटांत संपते. तबला एकीकडे, हार्मोनियम दुसरीकडे आणि गायक मधोमध, भिंतीच्या पलीकडे बसल्यासारखा, हे चित्र दोन वेगळ्या स्पीकरशिवाय उभं राहत नाही. मला ते चित्र हवंच असतं. माझ्या बायकोला नको असतं, म्हणून आमच्या बेडरूममध्ये साउंडबार आहे.

ॲम्प्लिफायर किती वॉटचा?

खोक्यावरचे हजारो वॉट विसरा. ‘पीएमपीओ’ नावाने टेपरेकॉर्डरवर जे आकडे छापून यायचे, ती निव्वळ जाहिरात होती. आरएमएस वॉट, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, पाहा. त्याहून आधी स्पीकरची संवेदनशीलता पाहा, म्हणजे एका वॉटला, एक मीटरवर किती डेसिबल. स्लिम स्पीकर यात थोडे मागे असतात. ८५ डेसिबलच्या स्पीकरला ८८च्या बरोबरीने वाजायला दुप्पट वॉट लागतात. तरीही १० बाय १६च्या हॉलमध्ये प्रत्येक स्पीकरमागे ४०-५० प्रामाणिक वॉट पुरून उरतात. रोजच्या ऐकण्यात त्यातले दोन-चारच खर्च होतात.

ओहम, म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा, जुळवा. ॲम्प्लिफायरवर ‘किमान ६ ओहम’ लिहिलं असेल तर ४ ओहमचा स्पीकर लावू नका. एकाच टर्मिनलला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ॲम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात. ‘स्वयंपाकघरातही एक काढून द्या’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

टीव्हीला जोडायचं कसं?

टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात, त्यातल्या एकावर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं. तेच वापरा. टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो, आजी-आजोबांना दुसरा रिमोट शिकवावा लागत नाही. ब्लूटूथ गाण्यांना ठीक आहे. टीव्हीला जोडलंत तर आवाज मागे पडतो, आणि ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात.

वायर महागडी लागते का?

नाही. तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची दुहेरी वायर घ्या. दहा मीटर लांब ओढली तरी जाऊन-येऊन अवरोध पाव ओहमच्या आतच राहतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो काहीच नाही. स्पीकर ४ ओहमचा असेल किंवा अंतर जास्त असेल तर २.५ची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते, ती टाळा. टोक चाकूने खरवडलं की आतला पांढरा रंग दिसतो.

सबवूफर कुठे ठेवू?

स्लिम स्पीकर ८० हर्ट्‌झला सोडतो, सब तिथून खालचं उचलतो. एवढा खालचा सूर कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, म्हणून सब टीव्हीजवळच हवा असं नाही. पण खोलीत त्याची जागा फार महत्त्वाची. १० बाय १६ फुटांच्या हॉलला स्वतःचे दोन सूर असतात, लांबीचा साधारण ३५ हर्ट्‌झ आणि रुंदीचा ५६. सब कोपऱ्यात ठेवला की हे दोन्ही घुमतात आणि प्रत्येक गाण्यात तीच एक ढब ऐकू येते.

जागा शोधायची युक्ती जुनी आहे. सब तुमच्या सोफ्यावर ठेवा, बासचं गाणं लावा, आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे बास भरीव पण सुटा ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. घरातली माणसं हसतात. हसू द्या.

शेजाऱ्यांना त्रास होईल का?

सामाईक भिंतीवर लावलात तर होईल. डब्याची थरथर भिंतीतून सरळ पलीकडे जाते. मागे रबराचे किंवा नमद्याचे तुकडे लावून ती थोडी कमी होते, पण हवेतून जाणारा बास अडत नाही. शक्य असेल तर स्पीकरसाठी बाहेरची किंवा आपल्याच दोन खोल्यांमधली भिंत निवडा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण खालच्या मजल्यावरचे काका डेसिबल मोजत बसत नाहीत, थेट बेल वाजवतात.

पावसाळ्यात, कोकणात काय काळजी घ्यायची?

ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके किंवा पोपडे दिसत असतील तर आधी गळती काढा. कागदी पडदे ओल शोषतात, एमडीएफचा डबा फुगतो, टर्मिनलला हिरवा गंज चढतो. मागे पाच मिलिमीटरची फट राहील असे रबरी ठोकळे लावा. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे पॉलिप्रोपिलिन या प्लास्टिकचा पडदा असलेला स्पीकर घेतलेला बरा.

फोटो फ्रेमसारखे दिसणारे स्पीकर कसे असतात?

आयकियाने २०२१मध्ये सोनोसबरोबर तसा एक काढला, सॅमसंगने २०२४मध्ये म्युझिक फ्रेम आणला. आत साधेच स्पीकर असतात, वर चित्र. स्वयंपाकघर किंवा बेडरूमसाठी छान. हॉलमध्ये मन लावून ऐकायला मी सुचवणार नाही.

गंमत अशी की इतिहासातले गाजलेले पातळ स्पीकर भिंतीवर लावायचे नव्हतेच. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर विकायला काढला. अमेरिकेत जिम वाईनी यांनी १९६९मध्ये मॅग्नेपॅन सुरू केली. दोन्हींमध्ये डबाच नाही, पातळ पडदा पुढे आणि मागे सारखाच आवाज फेकतो. त्यामुळे त्यांना मागे मोकळी जागा द्यावी लागते, सहसा मीटरभर. दिसायला पडद्यासारखे सडपातळ, आणि हॉलच्या मधोमध उभे.

भाड्याच्या घरात?

मालकाला विचारून चार भोकं पाडा. सोडताना पुट्टी भरून रंगाचा हात फिरवा. दुतर्फा टेपवर स्पीकर लावू नका, उन्हाळ्यात तो खाली येतो.

भिंतीच्या रंगात स्पीकर रंगवता येतो का?

डबा येतो. कापडी जाळी नाही, रंगाने तिची छिद्रं बुजतात आणि आवाज घुसमटतो. तसंच स्पीकर देवघराच्या वर किंवा अगदी शेजारी नको. उदबत्तीच्या काजळीने पांढरी जाळी वर्षभरात चहाच्या रंगाची होते.

लावून झाल्यावर लगेच काय तपासायचं?

एकाच गायकाचं, साथ कमी असलेलं गाणं लावा आणि दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसा. गायक मधोमध, जणू टीव्हीतून गातोय असा ऐकू आला पाहिजे. तो दोन्हीकडे विखुरलेला वाटला आणि बास गायब असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. कुठल्याही एकाच स्पीकरची वायर अदलाबदल करून पुन्हा ऐका. माझ्याही हातून हे होतं, विशेषतः संध्याकाळी शेवटचं घर असेल तेव्हा. दोन मिनिटांचं काम आहे, पण एका गिऱ्हाइकाने ते न करता दोन वर्षं तसंच ऐकलं, आणि मी वायर फिरवून दिल्यावर मला विचारलं, ‘सब कधी बसवला?’